जीपचं हाड कसं सांधतात?



एसटी स्टँडकडून आमच्या शाळेकडे येताना डाव्या हाताला एक पत्र्याची शेड लागते. दारात ट्रॅक्टरची ट्रॉली, खिडक्यांच्या जाळ्या, कुणाच्या तरी गोठ्याचं फाटक आणि बहुतेक वेळा चाकं काढून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली एखादी जुनी जीप. आतून चर्र... चर्र... असा आवाज येत असतो आणि मधूनच निळापांढरा उजेड असा लखलखतो, की भर दुपारी वीज चमकल्यासारखं वाटावं. तुमच्याही गावात असं एखादं फॅब्रिकेशनचं दुकान असणारच. शाळेत जाता-येता तिथं पाय थबकतात की नाही? खरं सांगा!

आमच्या पाचवीतल्या एका मुलाचे पाय असेच थबकले. शाळा सुटल्यावर तो चांगला अर्धा तास त्या उजेडाकडे टक लावून बघत उभा राहिला. घरी गेला, जेवला, झोपला. रात्री साडेअकराच्या सुमाराला मात्र रडतच उठला. डोळ्यांत कुणी मूठभर वाळू टाकून चोळतंय असं त्याला वाटत होतं. डोळे उघडवेनात, पाणी थांबेना. आई घाबरली. शेजारच्या आजींनी बटाट्याचे काप ठेवायला सांगितले, दुसऱ्या कुणी डोळ्यांत दूध घालायला सांगितलं. नशीब, त्याच्या आईनं यातलं काहीच केलं नाही. सकाळी उठून सरळ डॉक्टरांकडे नेलं.

दोन दिवसांनी तो शाळेत आला, पण मला काही राहवेना. मधल्या सुट्टीत मी तडक त्या शेडमध्ये गेले. भांडायलाच गेले होते म्हणा ना! मिस्त्रींनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, पोरांना हाकलून हाकलून दमलो मी. हिकडनं हाकललं की तिकडनं येत्यात. त्यापरीस तुम्हीच एकदा समद्यांना घेऊन या. नीट दावतो काय असतंय ते. मग चोरून बघायची हौस राहणार न्हाई."

तर अशी आमची पाचवीची सहल निघाली. किल्ला नाही, बाग नाही, शाळेपासून दोनशे पावलांवरची पत्र्याची शेड! जाताना मी एकच नियम सांगितला होता. नायलॉनचे, टेरिलिनचे कपडे नकोत, सुती घाला आणि पायात बूट हवेत. ठिणगी सुती कापडावर पडली तर भोक पडतं, नायलॉनवर पडली तर ते वितळून कातडीलाच चिकटतं.

दारातच मिस्त्रींनी सगळ्यांना खडूच्या रेषेमागे उभं केलं. शेडच्या मधोमध पत्र्याचा एक आडोसा लावला होता. "उजेड थेट बघायचा न्हाई, भिंतीवर पडलेला पण बघायचा न्हाई," ते म्हणाले. मग काळ्या काचेचा मुखवटा आमच्या हातात दिला. या काचेला नंबर असतो. अशा कामाला १० किंवा ११ नंबरची काच लागते. ती डोळ्यांसमोर धरून बाहेर बघितलं तर काहीच दिसत नाही, गडद अंधार! पण वेल्डिंग सुरू झालं, की तिच्यातून एक हिरवट ठिपका आणि त्याच्याभोवती वितळलेल्या लोखंडाचं चिमुकलं तळं दिसतं. मुलांनी पाळीपाळीनं बघितलं. मीही बघितलं. छत्तीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा!

आता हा उजेड एवढा वाईट का? उन्हात खूप वेळ फिरलं की कातडी भाजते, ती उन्हातल्या अतिनील किरणांनी. वेल्डिंगच्या ठिणगीतही हेच किरण असतात आणि ते अगदी जवळून, भरपूर येतात. डोळ्याच्या बाहुलीवर जो काचेसारखा पातळ पडदा असतो, तो त्यांनी भाजतो. गंमत अशी की भाजताना कळतच नाही. पाच-सहा तासांनी, कधी आणखी उशिरानं दुखायला लागतं. म्हणून तर आमचा विद्यार्थी निवांत जेवून झोपला होता! साधा काळा गॉगल इथं चालत नाही, हे दादा-ताईंनाही सांगा. आणि कुणाला असा त्रास झालाच, तर डोळे चोळू नका, थंड पाण्याची स्वच्छ पट्टी मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

आता मूळ गोष्ट. लोखंडाला लोखंड चिकटतं कसं?

बैलगाडीच्या लाकडी चाकाला बाहेरून लोखंडाची पट्टी असते, तिला धाव म्हणतात. पूर्वी घिसाडी आणि लोहार त्या पट्टीची दोन टोकं भट्टीत पांढरी होईपर्यंत तापवायचे आणि ऐरणीवर घणाचे घाव घालून एकजीव करायचे. दिल्लीजवळ मेहरोलीला जो सुमारे सोळाशे वर्षांचा, सात मीटरहून उंच लोहस्तंभ आहे, तोही असाच लोखंडाचे तापवलेले गोळे ठोकून ठोकून एकत्र केलेला आहे. म्हणजे सांधण्याची विद्या आपल्याकडे जुनीच. नवीन आहे ती वीज.

घरातली इस्त्री चार-पाच अँपिअर वीज घेते. वेल्डिंगचं मशीन घरातल्या विजेचा दाब कमी करतं, पण प्रवाह खूप वाढवतं. सव्वातीन मिलिमीटर जाडीची कांडी वापरायची असेल, तर शंभराच्या आसपास अँपिअर. मशीनची एक वायर जीपच्या लोखंडाला पकडीनं लावायची, दुसऱ्या वायरच्या टोकाला ती कांडी. मिस्त्री तिला 'रॉड' म्हणतात. रॉड लोखंडाला टेकवून हळूच उचलला, की मधल्या फटीतून वीज उडी मारते. त्या एवढ्याशा जागेत हजारो अंशांची उष्णता तयार होते. पोलाद साधारण १,५०० अंशांना वितळतं. त्यामुळे जीपचं लोखंडही वितळतं, रॉडही वितळतो आणि दोन्ही एकाच तळ्यात मिसळतात. तळं थिजलं की सांधा तयार. म्हणजे गोंदानं कागद चिकटवणं वेगळं आणि हे वेगळं. इथं दोन तुकडे राहतच नाहीत, एकच तुकडा होतो. व्हायला हवा, असं म्हणू या. 'व्हायला हवा' का, ते पुढं सांगते.

रॉडवर राखाडी रंगाचा जाड लेप असतो, तो बघितलाय? मला वाटायचं, तो गंजू नये म्हणून लावत असतील. पण तो लेपच खरा कारागीर आहे. वितळलेल्या लोखंडात हवा शिरली, तर आत बुडबुडे राहतात आणि सांधा ठिसूळ होतो. लेप जळून जो वायू निघतो, तो हवेला जवळ येऊ देत नाही. उरलेला लेप वितळून, दुधावर साय धरावी तसा सांध्यावर पसरतो. थंड झाल्यावर ही साय टोकदार हातोडीनं ठोकून, तारेच्या ब्रशनं घासून काढायची. लेपाची ही युक्ती स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांची. जहाजांचे बॉयलर दुरुस्त करताना त्यांना सांध्यांतल्या भोकांनी हैराण केलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी लेप लावलेला रॉड तयार केला आणि आज तुमच्या गावातला प्रत्येक मिस्त्री तीच युक्ती वापरतो.

त्या दिवशी शेडमध्ये एका शेतकऱ्याची जीप आली होती. डोंगरातल्या वाडीवर खताची पोती नेणारी. जीप ही मुळात लढाईसाठी जन्मलेली गाडी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला चिखलातून, दगडधोंड्यांतून जाणारी हलकी गाडी हवी होती, १९४० मध्ये तिचे पहिले नमुने तयार झाले आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप बनल्या. आपल्याकडे १९४५ मध्ये पोलादाचा व्यापार करण्यासाठी सुरू झालेल्या एका कंपनीनं नंतर मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली. तीच आजची महिंद्रा आणि महिंद्रा.

जीपचा पत्रा, सीट, टप, चाकं सगळं काढलं तर खाली काय उरतं? एक लोखंडी शिडी! दोन लांब दांडे आणि मधे आडव्या पायऱ्या. हिला चॅसी म्हणतात. ही जीपची हाडं. डांबरी रस्त्यावर या शिडीला फारसा त्रास नसतो. पण दगडी वाटेवर एक चाक धोंड्यावर आणि दुसरं खड्ड्यात गेलं, की ती ओलं कापड पिळावं तशी पिळवटते. सरळ होते, पुन्हा पिळवटते. एखादी तार तुम्ही इकडे-तिकडे वाकवून कधी तोडली असेल. एका झटक्यात तुटत नाही, पण वीस-पंचवीस वेळा वाकवली की तुटते. चॅसीचंही तेच. आधी केसाएवढी चीर पडते आणि मग ती रोज थोडी थोडी पुढं सरकते.

इथं मला माझी गोष्ट सांगायला हवी.

१९९९ चा मे महिना. मी पाचवीत होते. माझे काका वडापची जीप चालवायचे. आमच्याकडे प्रवासी भरून नेणाऱ्या जीपला वडाप म्हणतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगितलं. लग्नाला निघालो होतो. आत चौदा माणसं. हो, चौदा! तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. घाट उतरताना मागून खाड्‌कन आवाज आला आणि जीपचा मागचा डावा कोपरा खाली बसला. काकांनी प्रसंगावधान राखून जीप दरीच्या बाजूला न जाऊ देता डोंगराकडच्या गटारीत घातली. आम्ही सगळे एकमेकांच्या अंगावर. मुलांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण आजीचा खांदा निखळला. तो बसवला, तरी पुढं कधी तिला पाण्याचा हंडा डोक्यावर घेता आला नाही.

झालं होतं असं. मागचा कमानपाटा ज्या कानाला लटकतो, तो लोखंडी कान चॅसीपासून सुटून आला होता. आठच दिवसांपूर्वी काकांनी तो एका दुकानात वेल्ड करून घेतला होता. कोणत्या ते सांगत नाही, आता ते दुकानही राहिलेलं नाही. वरून सांधा कसा, रांगोळीच्या रेघेसारखा सुरेख! वर काळा रंगही मारलेला. तुटल्यावर मात्र खरं रूप दिसलं. सांध्याखाली चॅसीचा जुना रंग आणि गंज जसाच्या तसा होता. म्हणजे वितळलेलं लोखंड आत मुरलंच नव्हतं, नुसतं वर बसलं होतं. चिखलाच्या भिंतीवर पोपडा बसावा तसं.

मी हे मिस्त्रींना सांगितलं, तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाई, डाग दिसाया चांगला म्हंजे चांगला, असं नसतंय. घासायचा कंटाळा केला, करंट कमी ठिवला, की झालं. गिऱ्हाइकाला काय कळतंय? पण गाडीला कळतंय."

आणि मग त्यांनी त्या शेतकऱ्याच्या जीपची चीर कशी सांधतात ते सुरुवातीपासून दाखवलं. सगळ्यात आधी बॅटरीच्या वायरी काढल्या, कारण वेल्डिंगचा प्रवाह भलत्या वाटेनं गेला तर गाडीतली वीजयंत्रणा जळते. डिझेलची टाकी काढून शेडच्या बाहेर, लांब नेऊन ठेवली. "टाकी रिकामी असली तर चालेल ना?" एकानं विचारलं. मिस्त्रींनी डोळे वटारले. रिकामी टाकी जास्त वाईट! आत इंधनाची वाफ आणि हवा मिसळलेली असते, तिला एक ठिणगी पुरते. इंधनाच्या टाकीला किंवा ड्रमला घरच्या घरी वेल्डिंग करायला जाऊन माणसं दगावलेली आहेत. वाळूची बादली हाताशी ठेवली.

मग ग्राइंडरनं चिरेभोवतीचा रंग आणि गंज घासून लोखंड चांदीसारखं चकचकीत केलं. यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला. चीर जिथं संपते, तिथं त्यांनी ड्रिलनं एक छोटं गोल भोक पाडलं. मुलं चकित! चीर बुजवायची सोडून वर आणखी भोक? पण चिरेचं टोक सुईसारखं असतं आणि सगळा ताण त्या टोकावर येऊन ती पुढं पुढं फाटत जाते. टोकाच्या जागी गोल भोक आलं, की ताण भोकाच्या कडेभर विभागला जातो आणि चीर तिथंच अडते. मग चिरेच्या दोन्ही कडा तिरक्या घासून मधे व्ही अक्षरासारखी घळ केली, म्हणजे वितळलेलं लोखंड तळापर्यंत पोचेल. घळ भरली, साय ठोकून काढली, पुन्हा भरली.

यावर आधार म्हणून एक जाड पट्टी बसवायची होती. ती त्यांनी चौकोनी न कापता शंकरपाळ्याच्या आकाराची कापली. का? वेल्डिंगच्या अगदी शेजारची जागा खूप तापून निवते, तिथं लोखंडाचा स्वभाव बदलतो आणि सांध्याच्या कडेला ताणही साठतो. पट्टीची कड दांड्यावर सरळ उभी आली, तर ही नाजूक जागाही एका सरळ रेषेत येईल आणि कंडक्टर तिकीट जिथं टोचतो तिथंच ते फाटतं, तसा दांडा त्या रेषेवर फाटेल. शंकरपाळ्याच्या तिरक्या कडांमुळे ती सरळ रेषच तयार होत नाही. दिवाळीचा फराळ जीपच्या कामाला असा येईल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं!

पट्टी चिकटवतानाही त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ वेल्डिंग केलं नाही. आधी चार कोपऱ्यांत ठिपके दिले. याला 'टॅक मारणं' म्हणतात. मग थोडं इकडे, थोडं समोरच्या बाजूला. शिंपीकाका पक्की शिलाई मारण्याआधी कच्चे धागे घालतात ना, तसंच. कारण लोखंड तापलं की फुगतं आणि निवताना आक्रसतं. एकाच बाजूनं मारत गेलं, तर ते त्या बाजूला ओढलं जाऊन सगळी शिडीच वाकडी होईल. "टॅक मारून गुण्या लावायचा, मगच फुल मारायचं," मिस्त्रींची धाकटी मुलगी आमच्या कानात सांगत होती. ती आमच्याच वर्गात आहे. एरवी वर्गात तोंड उघडत नाही. त्या दिवशी सगळ्यांची बाई तीच होती.

आता तुम्ही करून बघायची गोष्ट. घाबरू नका, यात वेल्डिंग नाही!

खराट्याच्या काड्यांचे बोटाएवढे सात सारखे तुकडे घ्या. सायकलच्या दुकानातून थोडी व्हॉल्व्ह ट्यूब आणा, ती स्वस्त मिळते. तिचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. एका तुकड्यात दोन बाजूंनी दोन काड्या खुपसल्या की झाला सांधा. चार काड्यांचा चौकोन करा आणि तीन काड्यांचा त्रिकोण. आता दोन्ही हातांत धरून दाबून बघा. चौकोन कलंडून शंकरपाळं होतो. त्रिकोण मात्र हलत नाही, कितीही दाबा! काड्यापेटीच्या काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूबची ही युक्ती अरविंद गुप्ता यांची. पुण्यात टेल्कोच्या ट्रक कारखान्यात इंजिनिअर असलेला हा माणूस नंतर आयुष्यभर मुलांसाठी टाकाऊ वस्तूंची खेळणी करत राहिला आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसरा प्रयोग त्याहून सोपा. वहीचं एक पान उभं करून त्यावर पुस्तक ठेवा. पान लगेच वाकतं. तेच पान गुंडाळून दोन बोटं जाडीची नळी करा, दोरा बांधा आणि उभी करून वर पुस्तकं रचा. आमच्या वर्गात एका नळीवर किती पुस्तकं राहिली ते सांगत नाही, तुम्हीच मोजा.

या दोन प्रयोगांतून तुम्हाला डोंगरात धावणाऱ्या गाड्यांचा पिंजरा कळला. या गाड्या उलटण्याची भीती असते, म्हणून बसणाऱ्याभोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा करतात. भरीव गज घेतला तर गाडी जड होईल, म्हणून पोकळ पाइप. आणि पिंजऱ्यात जिथं तिथं तिरकी आडणी टाकून चौकोनाचे त्रिकोण केलेले. पाइपला पाइप जोडताना एकाचं टोक सरळ कापून चालत नाही, ते माशाच्या उघड्या तोंडासारखं गोलसर कापतात, म्हणजे दुसऱ्या पाइपला नीट कवेत घेतं. मिस्त्री त्यासाठी आधी कागदाचा नमुना कापून पाइपला गुंडाळून बघतात. भूमिती कशाला शिकायची, असं विचारणाऱ्यांनी एकदा तो कागद उलगडून बघावा.

असे पिंजरे कॉलेजची मुलं-मुली स्वतः तयार करतात, हे तुम्हाला माहीत आहे का? १९७६ मध्ये अमेरिकेत बाहा नावाची स्पर्धा सुरू झाली. मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्निया या वाळवंटी भागावरून हे नाव पडलं. आपल्याकडे २००७ मध्ये मध्य प्रदेशात इंदूरजवळच्या पिथमपूरला तिची सुरुवात झाली. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी एक माणूस बसेल अशी गाडी स्वतः आखायची, पाइप कापून, वाकवून, जोडून बनवायची आणि चिखलातून, धोंड्यांवरून पळवायची. इंजिन सगळ्यांना सारखंच, अवघ्या दहा अश्वशक्तीचं. त्यामुळे इंजिनाच्या जोरावर कुणी जिंकू शकत नाही. शेवटची शर्यत चार तासांची. चार तासांत बऱ्याच गाड्यांचं काही ना काही मोडतं! २०१५ पासून विजेवर चालणाऱ्या गाड्यांचीही स्पर्धा होते. महाराष्ट्रातल्या कॉलेजांचे संघ तिथं जातात आणि त्यांत मुलीही असतात.

मला यातला एक नियम फार आवडतो. पिंजऱ्याचं वेल्डिंग ज्यानं केलं, त्यानं स्वतःच्या हातानं नमुन्याचे सांधे करून द्यायचे. एक सांधा मोडेपर्यंत ओढायचा. शेजारचा पाइप फाटला तर पास, सांधा उघडला तर नापास. दुसरा उभा कापून बघायचा, लोखंड आतपर्यंत मुरलंय की नाही. रंग मारून काही लपवता येत नाही. १९९९ साली आमच्या काकांच्या जीपचा असा एखादा नमुना कुणी ओढून बघितला असता तर!

पालकांशीही दोन शब्द बोलते. आजकाल दप्तराएवढं वेल्डिंग मशीन मिळतं, ते घरच्या प्लगवर चालतं, त्यामुळे हौशी मंडळी घरीच जीपला पिंजरे, पुढचे बंपर, चढण्याच्या पायऱ्या करतात. हौस चांगलीच आहे. पण मुलं आजूबाजूला असतात, हे विसरू नका. जस्ताचा मुलामा असलेल्या जीआय पाइपचं वेल्डिंग करताना जो पांढरा धूर येतो, तो नाकात गेला तर संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. मुलामा घासून काढायचा आणि काम उघड्या हवेत, तोंडाला योग्य मास्क लावूनच करायचं. ओल्या हातानं, ओल्या जमिनीवर तर नाहीच. आणि रस्त्यावर चालवायच्या गाडीत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम त्यासाठीच आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीनं ठरवलेल्या रचनेविरुद्ध बदल करता येणार नाहीत असं सांगितलं आहे. बाहाच्या गाड्या बंदिस्त मैदानावर धावतात, त्या वेगळ्या.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावची गोष्ट काहींनी ऐकली असेल. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांपासून मुलाच्या हौसेखातर एक छोटी जीप बनवली. खर्च साठ हजारांच्या आसपास. ती सुरू व्हायची मोटारसायकलसारखी पायानं किक मारून! २०२१ च्या डिसेंबरमध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचं कौतुक केलं, पण ही गाडी रस्त्याच्या नियमांत बसत नाही, हेही सांगितलं. त्यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. आमच्या मुलांना विचारलं, तुम्ही बदली केली असती का? वर्ग अर्धा-अर्धा झाला. मिस्त्रींची धाकटी म्हणाली, "मी नसती दिली." का, ते तिनं सांगितलं नाही.

मोठं होऊन हे काम शिकायचं असेल, तर आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. मिस्त्री स्वतः वडिलांच्या हाताखाली शिकले. पण स्वतःच्या मुलांना अठरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय होल्डर हातात देणार नाही, म्हणतात. तोवर घासायचं, मोजायचं आणि गुण्या लावायचा.

सहलीनंतर आठवड्याभरानं आम्ही शाळेचा एक मोडका लोखंडी बाक त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो जोडून दिला, पैसे घेतले नाहीत. मुलं बाक डोक्यावर घेऊन वाजतगाजत वर्गात आली. सगळे बसायला धावले, पण धाकटीनं सगळ्यांना बाजूला सारलं. गुडघ्यांवर बसून तिनं बाकाखाली मान घातली, सांध्यावरून नखं फिरवली, पट्टीच्या कडेनं उरलेली साय टोकरून काढली आणि खालूनच ओरडली,

"बाई, हितं बारीक भोक ऱ्हायलंय. बाबांना परत द्यायला लागंल."

बाक परत गेला. मिस्त्रींनी वाकून बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि काही न बोलता ग्राइंडरची वायर ओढली.